आकाशवाणी काकांची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत एखाद्याच्या घरी भांडण झालं की आधी दार लावून घेत आणि मग खिडकीतून बघत, काकांची सायकल आसपास नाही ना! कारण शनिवारपर्यंत काकांच्या कानावर गेलेली गोष्ट रविवारी देवाच्या कानावर जायची, आणि तीही खणखणीत आवाजात, सगळ्या चर्चसमोर. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाचं खरं नाव रजिस्टरात असेल तेवढंच. अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये ते 'आकाशवाणी काका' होते.

चर्चचे बाकीचे वडील, म्हणजे पंच मंडळी, पुस्तकी मराठीत प्रार्थना करत. 'हे परमपवित्र, सर्वसमर्थ पित्या' इथून सुरुवात, आणि शेवटही त्याच उंचीवर. काका मात्र डोळे मिटून थेट वऱ्हाडीत उतरत. "हे बाप्पा देवा, तुले तं माईतच हाय, रत्नमालाबाईची सून पंधरा दिवसापासून माहेरी जाऊन बसली हाय. त्या दोघीच्याबी डोक्यावर थोडकं थंड पानी टाक. अन् शांतवनरावची मूळव्याध लय वाढली, तिच्यावर तुहा हात ठेव." पोरं रुमाल तोंडात कोंबून हसत, शांतवनराव मान खाली घालत आणि रत्नमालाबाई मिटल्या डोळ्यांनीही काकांकडे रागाने बघू शकत.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, एकदा जरा चाचरत सुचवलं, की प्रार्थना थोडक्यात करता येईल का? काका म्हणाले, "साहेब, देवाले थोडक्यात सांगतलं, तं तो बी थोडक्यात करते."

लोक चिडायचे, पण काकांना टाळणं कुणाला परवडत नव्हतं. रविवारी सकाळी सतरंज्या अंथरायला काका, माईक बिघडला तर काका, रात्रीबेरात्री दवाखान्यात थांबायला काका. ईस्टरच्या आधी आठ दिवस ते कबरस्तानात चुन्याची बादली घेऊन बसत. ज्यांच्या घरचं कुणी उरलेलं नाही, अशा कबरी आधी रंगवत. मी विचारलं, ओळख ना पाळख, यांच्या कशाला? तर म्हणाले, "ज्याचं कोनी नाई, त्याची कबर तं पांढरी पाह्यजे." आणि प्रत्येक कबरीला काम संपल्यावर सलाम करत, शेजाऱ्याला करावा तसा.

मी अकोल्याला नर्सिंग शिकत होते तेव्हाची गोष्ट. दर पंधरा दिवसांनी शनिवारी काका एसटीने अकोल्याला यायचे. पूर्वी आमच्या मंडळीत असलेले एक म्हातारे मास्तर तिथे मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एकटे राहत. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांची दाढी करायची, आंघोळ घालायची, चादर बदलायची आणि परतताना माझ्या होस्टेलवर आईने दिलेला डबा पोचवायचा, असा काकांचा नेम होता.

शेवटच्या वर्षी मी एका विषयात नापास झाले. निकालाच्या दिवशी बाबांचा फोन आला. बाबा एसटीत कंडक्टर. मागे डेपोतला गोंधळ ऐकू येत होता आणि त्यातून बाबा इतक्या आशेने "काय झालं वो?" म्हणाले, की माझ्या तोंडून "पास" निघून गेलं. नंतर सांगू, असं वाटलं. पण बाबांना कुठला दम! त्यांनी अख्ख्या डेपोत सांगितलं, आणि पाळकसाहेबांना भेटून येत्या रविवारी चर्चमध्ये माझ्या यशाबद्दल देवाचे आभार मानायची उपकारस्तुती ठरवून टाकली. वर सगळ्यांना जेवण. प्रार्थना अर्थातच काकांची.

आदल्याच दिवशी काका डबा घेऊन आले आणि होस्टेलवर न थांबता थेट कॉलेजात निकालाच्या फळ्यापाशी गेले. तुझे मार्क देवाला नीट सांगावेत म्हणून बघायला गेलो, असं नंतर म्हणाले. मी धावत पोचले तेव्हा त्यांचं बोट माझ्या नावावर होतं.

"काका, हात जोडते. घरी सांगू नका."

"घरचं सोड. उद्या तुह्या बापानं मलेच उभं केलं हाय. मी देवाले काय सांगू? पास झाली मनून?"

"माझ्याबद्दल काहीच सांगू नका."

"त्याले सांगतलं नाई असं माह्याजवळ काईच नाई, बेटा." काकांनी फळ्यावरचं बोट काढलं. मग डबा माझ्या हातात ठेवला. "खाऊन घे. नापास मानसाले बी भूक लागते."

रविवारी मी पहाटेच्या बसने अमरावतीला पोचले, तर बाबा नवा शर्ट घालून चर्चमध्ये पहिल्या रांगेत. चर्चच्या मागे पुलाव शिजत होता, त्याचा वास आत येत होता. बाबांनी उठून साक्ष दिली, देवाने माझ्या लेकराला यश दिलं म्हणून. मग काका पुढे आले. डोळे मिटले.

"हे बाप्पा देवा, तुले तं माईतच हाय..."

आणि थांबले.

मिनिट गेलं. पंखा करकरत होता. लोकांनी एकेक डोळा उघडायला सुरुवात केली. काकांच्या कपाळावर घाम, ओठ हलताहेत, पण आवाज नाही. रत्नमालाबाईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. पाळकसाहेब खुर्ची घेऊन धावले. दोन मिनिटं तरी झाली असतील, मग काका "आमेन" म्हणाले आणि खाली बसले. बीपी वाढलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चर्च सुटल्यावर काका सतरंज्या गुंडाळत होते; मी दुसरं टोक धरायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "सगळं सांगतलं मी त्याले. फक्त आवाज बंद ठेवला. आता बापाले तू सांग. ते काई माह्यं काम नोय."

बाबा पंगतीत पुलाव वाढत होते. त्यांच्या मागे जाऊन मी सांगून टाकलं. त्यांचा हात बादलीतच थांबला. मग त्यांनी राहिलेली पंगत पूर्ण वाढली, एकालाही कमी न वाढता. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला आले आणि बस हलताना म्हणाले, "पुन्हा परीक्षा कधी हाय?" मी अकोल्यापर्यंत रडले.

पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच उठून सांगितलं, की मागची उपकारस्तुती चुकून झाली, मुलगी नापास आहे, पण जेवण काही परत मागत नाही. सगळे हसले. रत्नमालाबाई म्हणाल्या, "राहू द्या, आगाऊ समजा." सहा महिन्यांनी मी पास झाले तेव्हा बाबांनी पुन्हा जेवण घालायचं म्हटलं, तर मंडळीनेच, ते आगाऊ जेवून झालंय, म्हणून त्यांना सोडलं.

पण काकांच्या त्या गप्प राहण्याचं कारण आता सगळ्यांना कळलं होतं. ज्यांनी आयुष्यभर दारं लावून घेतली, ते लोक आपणहून काकांकडे जाऊ लागले. कुणाच्या मुलाचं व्यसन, कुणाचा लपवलेला आजार. त्यामुळे रविवारची प्रार्थना दिवसेंदिवस गप्प होत गेली. हवा-पाण्याचं चार वाक्यात सांगून काका उभे राहत, आणि अख्खी मंडळी त्यांच्याबरोबर उभी राहायची. कुणी खोकायचंही नाही.

आता मी धारणीच्या दवाखान्यात नर्स आहे. काका वारले त्याच्या आधीच्या आठवड्यात मी रजा काढून त्यांना भेटायला गेले होते. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्यांची नाडी बघता बघता विचारलं, "काका, त्या दिवशी दोन मिनिटं देवाला माझं काय एवढं सांगत होतात?"

काका हसले. "तुहं तं एका वाक्यात झालं, बेटा. बाकी वेळ मी माह्यावालं सांगून राह्यलो होतो. जिंदगीभर सगळ्याइचं सांगत आलो. माह्यं सांगाचं राहूनच गेलं होतं."

काय होतं ते, मी विचारलं नाही. त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि आवाज बंद ठेवून देवाला त्यांचं सांगितलं.