नॉन-रिफंडेबल तिकीट आणि देवरूखचे आबा

मंडळी, आजची अख्खी दुपार विमान कंपनीच्या फोनवर गेली. दमलोय, तरी लिहितो. कुणाला तरी उपयोग होईल.

आईची काशी ठरली होती. तिचा पहिलाच विमानप्रवास. तिकिटं ऑफरमधली, म्हणजे नॉन-रिफंडेबल. काल देवरूखला भाऊकीतले आबा गेले आणि आम्हाला सुतक लागलं. सुतकात देवदर्शन नाही, विषय संपला.

मी कॉलेज पाहिलेलं नाही, पण नियम मुळातून वाचतो. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. फक्त मागावे लागतात. मी मागितले, फोनवरच्या मुलीने मान्यही केले. राहिलं मूळ भाडं.

"सर, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू असेल तर तारीख बदलून देता येईल. वारले ते तुमचे कोण?"

मी बोलण्यातही काटेकोर. म्हटलं, "लांबचे चुलते."

"मग नाही होणार, सर."

आई शेजारीच आमसुलं निवडत बसली होती. मी सांगितलं, "कर तेवढे परत मिळतील."

"मिळू देत. पण आबा लांबचे कुठचे रे? तुझे बाबा मुंबईत असायचे तेव्हा आपली भातलावणी कोण करून द्यायचं?"

कंपनीचे सगळे नियम वाचले होते मी. जवळचा कोण, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही काय सांगितलं असतंत?