एरंडेल प्यायलेले बॅलेचे बूट

मुळशीचा पोरगा बॅलेवर लिहितोय म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता हा अंगठ्यावर उभा राहून गिरक्या घेणार आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. सॉरी. मी फक्त बुटांना तेल लावलं.

नाचते ती माझी बहीण, गौरी. तेरा वर्षांची, अंगानं शेवग्याची शेंग. सूसच्या एका सोसायटीत, क्लब हाउसमध्ये मॅडमचा क्लास आहे, तिथं चार वर्षं जाते. उरवड्याला आमच्या घरी सरावाला धरायची दांडी कुठली? ती गोठ्यात गव्हाणीला धरून पाय वर करायची. (म्हैस पहिले दोन महिने बिचकली. मग तिनं बघायचंच सोडलं.) मॅडमचा क्लास मुंबईतल्या एका बॅले कंपनीच्या शाळेला जोडलेला. रविवारी तिथले सर पोरी निवडायला येणार होते. जागा दोनच! निवड झाली की कंपनीतल्या खऱ्याखुऱ्या नाचणाऱ्यांसोबत शिकायला मिळणार. गौरी आठवडाभर धड जेवली नव्हती.

शुक्रवारी तिचे पहिले पॉइंट शूज आले. गुलाबी, सॅटिनचे आणि पुढं करवंटीसारखे कडक. त्या टोकावर अख्खं अंग तोलायचं! मॅडमनी सांगितलेलं, "नवे बूट हातानं वाकवून थोडे मऊ करून आणा." म्हणून गौरी ते पायरीवर आपटत बसली. ठक, ठक, ठक.

"अगं ए, घर पाडतीस का काय?" आमचे वडील, म्हणजे आप्पा, आतून ओरडले.

"आप्पा, बूट मऊ करतीय!"

"आपटून व्हत्यात व्हय मऊ?"

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्याकडं नवी वहाण चावली की तिला एरंडेल पाजतात. आप्पांची वहाण आठ दिवस तेल पिते आणि मग अशी लोणी होते की घातलीय का नाही तेच कळत नाही. आता चामडं काय न् सॅटिन काय, पाय तर पायच ना!

शनिवारी गौरी शाळेत गेली. मी एरंडेल कोमट केलं, बुटांच्या आतबाहेर चोळलं आणि दोन्ही बूट पत्र्यावर उन्हात ठेवले. दुपारी बघतो तर गुलाबी रंग जाऊन भज्यांच्या कागदाचा रंग आलेला! घाबरलो. म्हणलं, धुवून टाकू. भांड्याचा साबण घेतला, खसाखसा घासले. तेव्हा मला एक नवीन माहिती मिळाली. ती करवंटी लाकडाची नसते. कापड आणि खळ असते. पाणी लागल्यावर तिचं वांग्याचं भरीत होतं.

गौरी संध्याकाळी आली. "दादा, बूट कुठंयत?"

"मऊ केलेत. बॅगेत आहेत. आता उघडू नको, वळण बिघडंल."

"खरंच? थँक्यू दादा!" म्हणाली आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मला एक जाईना.

रविवारी क्लब हाउसमध्ये वीस पोरी आणि वीस आया. आम्हाला घेऊन आलेले आप्पा बाहेर गाडीत. मॅडम सरांना आणायला गेटवर गेलेल्या. गौरीनं बॅगेच्या चेनीला हात घातला. आता मला आयुष्यात एकच गोष्ट येते, नकला. मी कपडे बदलायच्या पडद्यामागं घुसलो आणि मॅडमचा आवाज लावला.

"गर्ल्स! आज पॉइंट शूज नकोत! सगळ्यांनी सॉफ्ट शूज! क्विक! आणि पोट आत!"

वीस पोरींनी धडाधड बूट बदलले. पोटं मात्र चाळीस आत गेली. (दारातल्या वॉचमनचंही गेलं.) काम फत्ते! इथं गप बसायचं होतं. पण आवाज एवढा झकास लागलेला...

"खांदे खाली! मान वर! ती कोण नाक ओढतीय? पुसा आधी!"

पडदा सरकला. समोर मॅडम. स्वतःचाच आवाज ऐकत उभ्या. शेजारी पांढऱ्या केसांचे सर, आणि त्यांच्या मागं गौरी, सॉफ्ट शूज काढताना बॅगेत सापडलेली दोन ओली पोतेरी दोन्ही हातांत घेऊन.

"दादा... हे काय?"

सरांनी एक बूट उचलला. तो मधोमध वाकून लोंबला. त्यांनी वास घेतला. "कॅस्टर ऑइल?"

"हो सर. वहाणेला लावतात तसं."

"बूट दारात चेपणारे बघितले, हातोडीनं ठोकणारे बघितले," सर म्हणाले. "तळलेला आजच बघतोय."

गौरीचे डोळे भरले. "सर, मी आता कशी नाचू?"

"सॉफ्ट शूजमध्ये. मला आज कुणालाच पॉइंटवर बघायचं नव्हतं. गुडघे बघायचेत, आणि कान तालावर आहेत का ते."

म्हणजे माझं तेलही फुकट आणि नक्कलही फुकट!

गौरी नाचली. रागानं पाय असा उचलला की थेट कानाला टेकला. सरांनी नाव लिहून घेतलं. दोनातली एक जागा आमची!

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "माझा आवाज काढतोस ना? आता माझे पाय काढून दाखव." सगळ्यांसमोर दांडीला उभं केलं. टाचा जोडून गुडघे बाहेर वाकवायचे, एवढंच. गेलो खाली. वर यायला वॉचमन लागला.

परत येताना गौरीनं आप्पांना सगळं सांगून टाकलं. नांदे गाव येईपर्यंत ते नुसती गाडी चालवत राहिले. मी म्हणलं, वाचलो. तेवढ्यात त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अक्षा, तुला अक्कल हाय का रं?"

"चुकलं आप्पा. सॅटिनला तेल लावायला नको होतं."

"सॅटिनचं मरू दे! तेल पाजून पत्र्यावर ठिवतं व्हय कुणी? सावलीत मुरवायचं आसतंय! आन् वर साबण? आरं, तीस वर्सं बघतुयास न्हवं माज्या वहाणा?"

"आप्पा, मी एकोणीसचा आहे."

"तोंड वर करून बोलू नगंस!"

मागच्या सीटवर गौरी हसून हसून आडवी झाली. एका दिवसात मी बॅलेत नापास झालो, वहाणेत नापास झालो, आणि वयातही अकरा वर्षं कमी पडलो.