ऐकणाऱ्याची सही

आज नोव्हेंबरचा दुसरा रविवार. सकाळच्या बसने गावी आले. आईबरोबर शेतावर जाऊन कापून वाळत ठेवलेल्या धानाच्या कडपा उलटवल्या. दुपारी जेवण झाले. आता ओसरीवर बसून हा लेख लिहीत आहे. गौरव समितीने तो मागून महिना झाला. मला लिहिण्याची सवय नाही, म्हणून उशीर झाला.

प्रा. वैशाली हटवार मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची माझी पहिली भेट भंडाऱ्याच्या महाविद्यालयात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला झाली. त्याआधी मी संगणकाला हात लावला नव्हता. पहिल्या तासाला मॅडमनी संगणक सुरूच करू दिले नाहीत. प्रत्येकाला एक वही आणि पेन्सिल आणायला सांगितली. आधी प्रोग्राम वहीत लिहायचा, घरी जाऊन संगणक न येणाऱ्या माणसाला तो एकेक पायरी वाचून दाखवायचा, त्याने जे विचारले ते खाली लिहायचे आणि त्याची सही घ्यायची. सही नसेल तर प्रयोगशाळेत प्रवेश नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मॅडम, म्हशीचा ठसा चालते का?" मॅडम म्हणाल्या, "चालते. पण तिनं काय विचारलं तेही लिहून आण."

प्रयोगशाळेत मॅडमचे हात नेहमी पाठीमागे असत. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावले नाही. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटले, "मॅडम, तुम्हीच दाबा ना एकदा." त्या म्हणाल्या, "मी दाबलं तर ते माझं होईल. तू दाब, मी उभी आहे." त्या खरोखर उभ्या राहिल्या. त्या दिवशी मोहाडीकडची बस निघून गेली, तेव्हा त्या माझ्याबरोबर स्टँडवर पुढच्या बसपर्यंत थांबल्या आणि कंडक्टरला "पोरीला गावाच्या फाट्यावर उतरवा" म्हणून सांगूनच परतल्या.

तरी पहिल्या चाचणीत मी नापास झाले. माझा प्रोग्राम चालत होता, यंत्र कुठलीही चूक दाखवत नव्हते, पण उत्तर चुकत होते. मला वाटले, हे आपल्या डोक्याचे काम नाही. विषय बदलून कला शाखेला जाण्याचा अर्ज मी लिहिला आणि मॅडमकडे दिला. त्यांनी तो वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, "शनिवारचा अभ्यास करून आण. सोमवारी बघू."

शनिवारचा अभ्यास होता, आपल्या घरच्या एखाद्या कामाची पाळी प्रोग्राममध्ये लिहिणे. मी गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी घेतली. आमच्या पाटावर सात शेतकरी. आमची बांधी, म्हणजे धानाचे शेत, अगदी शेवटी, म्हणून यादीत बाबांचे नाव सातवे. यादी मोजताना संगणक शून्यापासून सुरू करतो, म्हणजे सातव्या नावाचा क्रमांक सहा. मी लिहिले होते, क्रमांक सहापेक्षा कमी असेपर्यंत पाणी सोडत जा.

बाबा चौथी शिकलेले. खाटेवर बसून ते ऐकत होते आणि प्रत्येक नावाला एक बोट मिटत होते. मी थांबले तशी त्यांनी बोटे पुन्हा पाहिली.

"सहाच झाले वो, बाई. सातवा कोन? मी. मले पाणी कायले नाही?"

आतून आई म्हणाली, "शिकून शिकून पोरीनं बापाचीच पाळी बुडवली!"

"तुया कंप्युटरले सांग," बाबा म्हणाले, "शेवटचा मानूस बी मोजाचा असते."

चाचणीतही माझी हीच चूक झाली होती. प्रत्येक यादीतले शेवटचे नाव मी सोडून देत होते. सोमवारी मॅडमनी वही पाहिली. बाबांचा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून अर्ज काढून विचारले, "हा पुढे पाठवू का?" मी म्हटले, "फाडून टाका." त्या म्हणाल्या, "काहून? मागची बाजू कोरी आहे." आणि त्याच्या मागे त्यांनी मला पुढचा प्रोग्राम लिहायला लावला.

आज मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते. मॅडमची पद्धत तशीच ठेवली आहे. वर्गाला द्यायचा प्रत्येक नवा अभ्यास मी आधी बाबांना वाचून दाखवत असे. मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर मी नवा अभ्यास काढला नाही, जुनेच देत राहिले. तेरवीला मॅडम आल्या, आईजवळ बराच वेळ बसल्या. निघताना मी त्यांना सांगितले की पहिल्या वर्षाचा वर्ग मला आता नको, तसे प्राचार्यांना लिहून देणार आहे. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "अर्ज लिही. पण आधी माझ्याकडे आणून दे. माझं ड्रॉवर अजून आहे."

अर्ज मी लिहिला होता. मागच्या आठवड्यात तुमसरच्या एका मुलीची वही तपासायला आली. तिने राईस मिलमधली पोती मोजण्याचा प्रोग्राम लिहिला होता. तिची आई त्याच मिलमध्ये काम करते. सहीच्या वर आईचा प्रश्न होता: "पोता मधातच फाटला त तो तुया मोजनीत कोठी जाते?" मुलीला उत्तर आले नव्हते. मलाही लगेच आले नाही. मी खुर्चीत बसून हसले. बाबांनी हेच विचारले असते. मॅडमना फोन करून तो प्रश्न वाचून दाखवला आणि वर्ग मी सोडणार नाही, हे कळवले. त्या एवढेच म्हणाल्या, "कोऱ्या बाजूवर त्या पोत्याचं उत्तर लिही."

मॅडमना भरपूर आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे आणि डोळे चांगले राहोत. त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेल्या वह्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. त्यांतले प्रश्न वाचायला त्यांना खूप वर्षे मिळावीत, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा आहे.

आई शेजारी गेली आहे. ओसरीवर कोणी नाही. त्या अर्जाच्या मागे उद्याचा प्रोग्राम पेन्सिलने लिहिला, फाटलेल्या पोत्यासकट. मग तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला आणि प्रत्येक पोत्याला एक बोट मिटत शेवटपर्यंत मोजले.