काल उठल्यापासून झोपेपर्यंत

कुठल्याही दवाखान्यात किस्से साठतातच. बदलापूर पूर्वेला, शिरगावात आमचा आयुर्वेदाचा दवाखाना आहे, तिथे ते जरा जास्तच साठतात. कारण आमच्या म्हात्रे मॅडम पेशंटला ‘काय होतंय?’ असं आधी विचारतच नाहीत. माणूस खुर्चीत बसला की त्यांचं एकच वाक्य असतं, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, सांगा.”

मग तो सांगायला लागतो. कधी उठला, काय खाल्लं, भूक लागली होती की घड्याळ बघून जेवला, पोट साफ झालं का, कोणावर चिडला. दुखणं काय ते सगळ्यात शेवटी. “दुखणं आज दिसलं, त्याची तयारी काल झाली,” असं मॅडमचं म्हणणं. मी बाहेरच्या टेबलावर बसून नंबर देते, केसपेपर काढते, पुड्या बांधते. मध्ये नुसता पडदा आहे. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय काढून ठेवणार! नावं मात्र विचारू नका, ती सांगणार नाही.

बाहेर अजून एक माणूस असतो. मॅडमचे वडील, म्हात्रेबाबा. आता दवाखान्याची ही बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. ते सकाळीच लुंगी-बनियनवर येऊन पडद्यालगतच्या बाकावर बसतात आणि नव्या पेशंटला हमखास सांगतात, “सुई नाय देत हो ही. बगा, इचार करा!” मुलीनं सुया देणारी डॉक्टर व्हावं असं त्यांना फार वाटायचं. ती झाली चूर्ण देणारी. त्यांनी मुलीला कधी म्हणून नाडी दाखवली नाही.

मॅडम मला एकदा म्हणाल्या, “रजनी, अख्खं बदलापूर हात पुढे करतं. एकच हात राहिलाय.” हसत बोलल्या, पण मला वाईट वाटलं.

*

पहिला किस्सा माझाच. मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जीन्सच्या दुकानात सेल्सला होते. सतत डोकं दुखायचं, ओटीपोटात जळजळायचं. तीन डॉक्टर झाले. मग कोणीतरी इथे पाठवलं.

मी माझा कालचा दिवस सांगितला. मॅडमनी मध्येच विचारलं, “लघवीला कितीदा गेलीस?”

“सकाळी घरातून निघताना आणि रात्री घरी आल्यावर.”

“मध्ये?”

“मध्ये दुकानात सोय नाही ना मॅडम. म्हणून पाणीच पीत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. शरीराला जे बाहेर टाकायचंय ते अडवून धरलं की तिथूनच दुखणी सुरू होतात, हे मला त्यांनी तेव्हा समजावलं. वर्षानुवर्षं बायका हे करतात आणि त्याला सहनशक्ती म्हणतात, असंही म्हणाल्या. चांगल्याच चिडल्या होत्या. मग केसपेपरवर औषध लिहिलं, लघवीची तपासणी लिहिली आणि त्याखाली अजून एक ओळ लिहिली.

मी बाहेर येऊन वाचलं. ‘एक तारखेपासून इथे कामाला ये. इथे संडास आहे.’

*

माझ्या जुन्या दुकानाशेजारचे एक सिंधी शेठ. पोट कायम फुगलेलं, तोंडाला चव नाही. मी त्यांना घेऊन आले. शेठनी दिवस सांगायला घेतला. सकाळी चहाबरोबर पापड. दुकानात गिऱ्हाईक आलं, पापड-पाणी. जेवणाबरोबर पापड, जेवणानंतर पापड. व्याही आले, पुन्हा पापड!

“मॅडम, हमारे में ऐसाच है. मेहमान आया तो पापड, गया तो पापड.”

मला वाटलं, आता पापड बंद. पण मॅडम कोणाच्या घरची रीत तोडत नाहीत. त्या म्हणाल्या, “पापड खा. भाजलेला, एक. पण पोटात भूक असेल तेव्हाच. शेवटची कडकडून भूक कधी लागली होती?”

शेठ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, “साईं, शायद शादी से पहले.”

*

नव्या टॉवरमधला एक मुलगा आला तो मोबाइल उघडूनच. “मॅम, मी ऑनलाइन टेस्ट दिलीय. माझी प्रकृती पित्त-वात आहे.”

मॅडम म्हणाल्या, “छान. काल?”

काल सकाळी साहेबांनी रिकाम्या पोटी कोरफडीचा रस घेतला. मग आवळ्याचा. मग गरम पाणी-मध-लिंबू, मग दालचिनीचा काढा, मग हळद घातलेलं दूध. सगळं मोबाइलमध्ये बघून. नाश्त्याची इच्छाच उरली नाही. आणि दुखणं काय? छातीत जळजळ! नसती झाली तरच नवल.

मॅडमनी पाचही गोष्टींवर काट मारली. “पोटात चूल आहे असं समज. तिच्यावर एकाच वेळी पाच पातेली कोण चढवतं? आधी एक स्वयंपाक होऊ दे. भूक लागली की जेव, गरम जेव, शांत बसून जेव.”

“ते कळलं मॅम. पण औषध?”

“दिलं की. भूक.”

त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, “किती चमचे?”

*

बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून एक आजी यायच्या. गुडघे धरलेले. मॅडमनी तेलाची बाटली दिली, रोज कोमट करून चोळायला. रात्री दही नको आणि नऊला झोपायचं, एवढंच पथ्य. बाटली महिनाभर पुरायला हवी. आजी आठ दिवसांत परत, बाटली रिकामी.

“सगळं तेल आठ दिवसांत?”

“म्हशीचा पाय पन धरलेला ना माजे. अर्दा तिला लावला.” मग आजी एकदम तावातावानं म्हणाल्या, “म्हस बरी झाली, डाक्तरीन बाय. चालते भराभर! तेल एकच, मंग मीच का नाय?”

मॅडम म्हणाल्या, “म्हैस रात्री किती वाजता झोपते?”

“अंधार पडला का.”

“आणि तुम्ही?”

सोबत आलेली सून म्हणाली, “टीवीवरची अकराची शिरेल संपली का. दही-भात खाऊन.”

मॅडम हसल्या. “आजी, पथ्य म्हशीनं पाळलं!”

*

हा किस्सा हसण्याचा नाही. अंबरनाथ एमआयडीसीतला एक शिफ्टवाला आला. “गॅस झालाय, मॅडम. एखादं चूर्ण द्या, ड्युटीला जायचंय.” त्या दिवशी पहिल्यांदाच मॅडमनी ‘काल’ विचारला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम बघितला, मनगट धरलं आणि ओरडल्या, “रजनी, रिक्षा! आत्ता!”

मी धावले, पण माझ्या आधी बाबा रस्त्यात. लुंगी खोचून, दोन्ही हात पसरून उभे. चालती रिक्षा थांबवून त्यांनी आतला माणूस उतरवला. मॅडम स्वतः त्याच्याबरोबर हॉस्पिटलला गेल्या. हार्ट अटॅक होता. वाचला.

महिन्यानं तो पेढे घेऊन आला. “मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे.”

मॅडम म्हणाल्या, “गुण रिक्षावाल्याच्या हाताला. आणि पेढा तुम्ही खायचा नाही.”

आपल्या विद्येची हद्द जाणणारा वैद्य मी हा एकच बघितला आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. बाबा बाकावरून म्हणाले, “त्या दिशी खरी डाक्तरीन वाटलीस.”

मॅडमचा चेहरा पडला. आत आल्यावर मला म्हणाल्या, “मी केलं काय? रिक्षात बसवलं. एवढ्या वर्षांत माणसं बरी केली, ती यांना दिसली नाहीत.”

*

आता शेवटचा. एका मंगळवारी बाबा आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्याला टोपी. बाकावर बसायच्या ऐवजी माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“नंबर दे.”

“बाबा, सरळ आत जा ना!”

“का? लोकांना नंबर, न् मना नाय?”

चौदा नंबर दिला. दीड तास रांगेत बसले. त्या दिवशी कोणाला सुईचं काही बोलले नाहीत. नंबर आल्यावर पडदा सारून आत गेले. मॅडम मागच्या पेशंटचा कागद लिहीत होत्या. मान खाली घालूनच म्हणाल्या, “बसा. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, सांगा.”

मग वर बघितलं. मी केसपेपर द्यायला आत गेले होते, तिथेच उभी राहिले.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पाचला उटलो. कोमट पानी प्यायलो. तिलाचा तेल चोललं पायांना. नदीपरत चालून आलो. भूक लागली तवा जेवलो, भाकरी न् कालवन. दोन घास कमी. दुपारचा नुसता टेकलो, झोपलो नाय. रातचा दही नाय. नऊला आडवा.”

मॅडमनी हातातला कागद बाजूला सारला. “हे... हे कधीपासून?”

“लय वर्सं झाली. पडद्याला लागूनच बसतंय मी.”

“मग त्रास काय होतोय, बाबा?”

“तरास काय नाय.”

“मग नंबर कशाला लावलास?”

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, “सगल्या गावाला इचारतेस, काल काय केलंत. मना कदी इचारलं नाय. म्हटलं, नंबर लावला तर इचारशील.”

आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला.

मी बाहेर आले, पडदा नीट ओढून घेतला. पंधरा नंबरच्या बाई उठून उभ्याच होत्या.

“बसा,” मी म्हटलं. “वेळ लागेल.”