तिसऱ्या पाळीचा चार्ज

मिल बंद पडली आणि पुढच्याच वर्षी बाबांच्या मणक्यात कॅन्सर निघाला. डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पलासियाला बसायचे. आमच्या बडा गणपती भागातून तिथवर टेम्पोतून नेताना बाबांचे इतके हाल झाले की डॉक्टरच म्हणाले, "इन्हें मत लाया करो. रोज सुबह आठ बजे फोन करो." बरं होणार नव्हतंच, दुखणं तेवढं आटोक्यात ठेवायचं होतं.

आमच्याकडे फोन कुठला! शेजारच्या किराणावाल्या भियांनी लांब वायर जोडून त्यांचा फोन आमच्या खिडकीतून आत दिला. आठला मी नंबर लावायची, रिसीव्हर बाबांच्या कानाशी धरायची. बाबा म्हणायचे, "सब बढ़िया है, साहब."

असा राग यायचा ना! रात्रभर दात आवळून पडलेला माणूस, आणि साहेबापुढे सगळं बढ़िया. डॉक्टर तरी काय करणार, गोळी तेवढीच ठेवायचे. मी भांडले तर बाबा म्हणाले, "बिघाड आपला आपण निस्तरायचा. साहेबाच्या कानावर कशाला घालायचा?" जन्मभर मिलमध्ये जॉबर होते, बिघडलेले माग लावून द्यायचे. पाळ्या तीन: पहिली सकाळची, दुसरी दुपारची, तिसरी रात्रीची. पाळी सुटताना चार्ज द्यायचा, तेव्हा खरं काय ते फक्त पुढच्या पाळीच्या जॉबरला सांगायचं. तिथे लपवलं तर एखाद्याचा हात जायचा.

एक दिवस मी रिसीव्हर ओढून घेतला आणि डॉक्टरांना हे सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "फिर से दीजिए उन्हें." मग बाबांना म्हणाले, "समझिए अगली पाली मेरी है. चार्ज दीजिए."

बाबांनी पडल्यापडल्या कॉलर सारखी केली.

"पहली ठीक गई. दूसरी में कमर से नीचे आग. तीसरी में एक मिनट आँख नहीं लगी. चार हफ्ते हो गए."

मला रडूच फुटलं. चार हफ्ते, आणि घरात कुणाजवळ ब्र नाही.

डॉक्टरांनी त्याच फोनवर गोळी वाढवली, रात्रीची वेगळी सांगितली. आठवड्याभरात बाबा कुशीवर वळून झोपायला लागले. सकाळी आठच्या आत दाढी करून मागायचे. मिल गेल्यापासून त्यांना कुणी कामाचं असं काही विचारलंच नव्हतं.

मग एका सकाळी फोनवर मी एकटीच होते. पलीकडून नेहमीसारखाच आवाज आला, "हाँ जॉबर साहब, चार्ज?"

"तीसरी में अच्छे से सोए," मी म्हटलं. "पहली में उठे नहीं."