पाणी जोखणारा माणूस

माझे मामा चाळीस वर्षं रेडिएटरच्या जाळ्या सांधत आले. सगळे त्यांना जाळीवाले म्हणायचे. रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघून तिथं डाख द्यायचा. बुडबुडा दिसायच्या आधीच मामांचं बोट त्या जागी टेकलेलं असायचं. मग प्लॅस्टिकच्या टाक्यांचे नवे रेडिएटर आले. ते कोणी सांधत नाही, फेकून देतात. दुकान बंद झालं त्या दिवशी मामांनी दोन पकडी आणि एक कानस घरी आणली आणि मामीला म्हणाले, "आजपासून तुमच्या हाताखाली. काही गळत असेल तर सांगा."

"तुमची जीभ तेवढी गळते," मामी म्हणाली.

दोन वर्षं ते घरी होते. घरातला एकही नळ त्यांनी सुखानं ठिबकू दिला नाही.

मी तेव्हा इंजिनिअरिंग संपवून नोकरी शोधत होते आणि दातांच्या एका डॉक्टरांच्या गाडीवर फुकटात सेन्सर बसवून देत होते. डॉक्टरांनी आपल्या छोट्या गाडीचं इंजिन काढून त्याच्या दुप्पट मोठं इंजिन आत कोंबलं होतं. महिन्यातून एकदा शर्यतीचा ट्रॅक हौशी लोकांना खुला व्हायचा. तिथं ही गाडी चौथ्या फेरीला वाफ सोडायची. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले, तेव्हा मी मामांना घेऊन गेले.

मामांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. मामीच्या लोकरीचे तुकडे जाळीवर बांधले, डॉक्टरांना गाडी पळवायला लावली आणि स्वतः शेजारच्या गाडीतून बघत राहिले. धागे आत ओढले जायला हवे होते. ते बाजूला फडफडत होते.

"हवा आळशी असते, डॉक्टर. जाळीतून कशाला घुसेल? बाजूच्या फटीतून निघून जाते."

त्यांनी पत्रा कापून सगळ्या फटी बुजवल्या. नवं इंजिन रेडिएटरपेक्षा उंच बसलं होतं, त्यामुळे पाण्यातली हवा वर अडकून राहायची. तिथं सगळ्यात उंच जागी त्यांनी एक छोटी टाकी जोडली.

"पोटात वारा धरलाय हिच्या. ढेकर द्यायला वाट करून दिली."

"काका, मी दातांचा डॉक्टर. पोटाचं तुम्हीच बघा," डॉक्टर हसले. मग म्हणाले, "ट्रॅकवर माझं वर्कशॉप होतंय. दहा फेऱ्या नीट निघाल्या की त्यातलं कामाचं पहिलं टेबल तुमचं."

मामा घरी आले आणि त्यांनी दोन्ही पकडी घासून लख्ख केल्या. मामीनं विचारलं, "लग्न आहे का पकडींचं?"

दहा फेऱ्यांच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पाण्याच्या नव्या निळ्या पाईपवरची एक क्लिप काढून टाकली. मामांनी दोन लावल्या होत्या. फोटोत दोन बऱ्या दिसत नव्हत्या. मामांनी पाहिलं, नाराजीनं मान हलवली, पण गाडी त्यांची नव्हती.

मी ट्रॅकच्या भिंतीशी लॅपटॉप घेऊन बसले. डॉक्टरांच्या कानात फक्त माझा आवाज जात होता. मामा माझ्या खांद्यामागं उभे होते. पाण्याचं तापमान शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर. सहा फेऱ्या ते तिथंच राहिलं. सातव्या फेरीला एकशे चार झालं आणि मग उतरायला लागलं. पंच्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.

"मामा, बघा! कमाल केली तुमच्या टाकीनं!"

मामांचा चेहरा उतरला. "थांबव त्यांना."

"अहो, आकडा खाली येतोय."

"एवढी पळवल्यावर आपोआप थंड कशी होईल? पाणीच उरलं नाही, तर तो मोजतोय काय? थांबव म्हणतो ना!"

सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण टेबलाला तीन फेऱ्या उरल्या होत्या, आणि स्क्रीन मी बसवलेली होती.

"तीनच फेऱ्या, मामा."

नवव्या फेरीला इंजिन जाम झालं. एकाच क्लिपवरचा पाईप निसटून सगळं पाणी ट्रॅकवर सांडलं होतं. सातव्या फेरीला थांबलो असतो तर एका पाईपवर भागलं असतं.

डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. "इतकी माणसं उभी होती, मला कोणी सांगितलं का नाही? स्क्रीनवर काय होतं?"

"तापमान खाली होतं," मी म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"आणि काका, तुम्हालाही काही कळलं नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. चांगली दोनदा गुंडाळून झाली.

"नाही कळलं," मामा म्हणाले.

"वय होतं हो माणसाचं," डॉक्टरांचा एक मित्र अगदी मायेनं म्हणाला. क्लिपबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मामांनीही नाही.

आठवड्यानं वर्कशॉपमधून फोन आला. मला. पहिलं टेबल आता माझं आहे, त्यावर दोन स्क्रीन आहेत. मी एकदाही नाही म्हणाले नाही. गाडीत नवं इंजिन बसलं. पाईपवर दोन क्लिपा मीच लावल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "ही खरी इंजिनिअर." मामांचे पत्रे मात्र ठेवावेच लागले. ते काढून पाहिले तर गाडी पुन्हा चौथ्या फेरीला उकळली. आता त्यांना काळा रंग दिलाय. हे काम कोणाचं असं कोणी विचारलं की सांगायचं ठरलंय, आमच्या टीमचं. मीही तसंच सांगते.

मामीला यातलं काही माहीत नाही. "यांचं हुकलं, पण भाचीनं तरी नाव काढलं," असं ती शेजारणींना सांगते.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाते. दार मामाच उघडतात आणि दर वेळी तेच विचारतात.

"काय म्हणतोय आकडा?"

मामी आतून हसते. तिला वाटतं, ही आम्हा दोघांची कामातली थट्टा.

"ठीक आहे, मामा," मी म्हणते.

ते मान हलवतात आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत जातात.