हरणाबाईच्या आडाचं पाणी

सांगलीच्या हळदबोळात ‘हरणाबाई रागावली’ असं कुणी सांगितलं असतं, तर लोक हसले असते. बाई कधी कुणावर ओरडली नाही की पदर खोचून भांडायला उभी राहिली नाही. पण राग येणं निराळं आणि राग ठेवणं निराळं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसा तिनं एकच राग नीट बांधून ठेवला होता, आणि तो आप्पासोंच्या नावचा होता.

हरणाबाई माहेरची शिराळ्याची. नवरा ज्ञानू गुळाच्या पेठेत हमाल. दिवसभर ढेपा उचलून घरी आल्यावर हा गडी परसात खणत बसायचा, आणि असा खणत खणत त्यानं एक आड काढला. पाणी असं लागलं, की तुरीची डाळ लोण्यासारखी शिजावी. बोळातल्या बायका बाकी पाणी कुठनंही आणोत, डाळीची घागर हरणाबाईच्याच रहाटावर भरायच्या. ज्ञानू गेला. पदरी पोर नव्हतं. पण आड होता तोवर परसात माणसांची जाग होती, सासवांच्या चहाड्या होत्या, हसणं होतं.

शेजारी आप्पासो, गुळाचे अडते. बोळात सगळ्यांचे टोपलीचे संडास असताना यांनी जमिनीत मैल्याची पक्की टाकी बांधली, नारळ फोडला, आणि देऊळ दाखवावं तशी ती लोकांना दाखवली. जागा निवडली आपल्या स्वयंपाकघरापासून लांब, म्हणजे हरणाबाईच्या भिंतीला चिकटून. भिंतीपलीकडे आड होता. दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्याला वास सुटला. पहिली घागर बंद झाली ती आप्पासोंच्या घरची.

हरणाबाई सांगायला गेली. ओसरीवर पानाचं तबक, भोवती मंडळी.

“माज्या टाकीचा वास तुज्या आडाला?” आप्पासो म्हणाले. “अगं, ज्ञानूनं आड खणला का डबकं? त्योबी कच्चा आन् त्याचं कामबी कच्चं.”

मंडळी खो खो हसली. हरणाबाई घरी आली. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. आप्पासोंनी याच तोंडानं, लोकांच्या देखत, ‘पाणी माझ्या टाकीनं नासलं’ असं म्हणावं. बस्स. तोवर तिनं एक नेम धरला. रोज सकाळी त्या आडाची एक घागर शेंदायची, वास घ्यायचा, आणि आप्पासोंच्या भिंतीच्या बुडाशी ओतून द्यायची. ज्याचं त्याला परत.

वर्षं गेली. आप्पासोंचं बघून बोळात घरोघर टाक्या झाल्या आणि पावसाळ्यात बोळातून नाक धरून जायची पाळी आली. शेवटी संस्थान विलीन व्हायच्या थोडं आधी ठरलं, की टाक्या बुजवायच्या आणि जमिनीखालून गटार न्यायचं. मोठा नळ हरणाबाईच्या परसामागून गेला. तिचं घर तर त्याला पहिल्याच दिवशी जोडलं गेलं.

आप्पासोंना मात्र हा मान दुसऱ्याला गेलेला खपेना. त्यात श्रावण तोंडावर. नुकतीच दिलेली लेक विजयमाला पहिल्या पंचमीला यायची होती, आणि आप्पासोंनी व्याही-विहिणीलाही आवतण धाडलं होतं. व्याही हंबीरराव पलटणीतून इटली बघून आलेले सुभेदार. “आमच्या संडासातबी साखळी वढली की झालं,” असं आप्पासो त्यांना लग्नातच सांगून बसले होते. तेव्हा यांनी घाईनं टाकी उपसून वाळूनं बुजवली, वर शहाबादी फरशी बसवली, आणि मग जोडणीवरच्या बाळासो मुकादमाला बोलावलं.

बाळासोनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि डोकं खाजवलं. “आप्पासो, तुमची जागा खोलगट. रस्त्याकडं पानी चढायचं न्हाई. नळ न्यायचा तर हरणाबाईच्या परसातनंच.”

हरणाबाईनं नाही म्हटलंच नाही. “देती की! शेजारधर्म हाय. पर आज आवस. आवसंला माती उकराय नगं.” मग सोमवार निघाला: “माजा उपास. गड्यास्नी च्या कोण करून दील?” मग एक दिवस तिचं अंग मोडून आलं. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी परसाला कुलूप! बाई शिराळ्याला.

बोळ म्हणाला, माहेरची पंचमी कोण सोडतंय? शिराळ्याच्या पंचमीला सारा मुलूख लोटतो. हरणाबाईनं ती उभ्या जन्मात चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र भावाकडे रात्र काढून ती पंचमीच्या सकाळी पहिल्या मोटारीनं सांगलीत हजर झाली. त्या दिवशी शिराळ्यापेक्षा हळदबोळात बघण्यासारखं जास्त होतं.

पाहुणे आले होते. हंबीररावांनी चहा घेतला, मिशा पुसल्या, आणि साखळी कुठं आहे ते विचारलं. थोड्या वेळानं सुभेदार टमरेल घेऊन नदीकडे निघालेले बोळानं पाहिले. कृष्णा फुगलेली, काठाला गुडघाभर चिखल.

“जपून हं पावनं,” हरणाबाई दारातून म्हणाली, “लय निसरडं हाय.”

विहीणबाई चंद्राबाई नदीवर कशा जाणार? त्या हरणाबाईकडे आल्या. तिनं अगत्यानं नवा संडास दाखवला आणि हातपाय धुवायला आडाची बादली भरून दिली. परसात बायका नागोबा पुजायला जमल्या होत्या. भिंतीपाशी आप्पासो हात जोडून उभे, मागे सणाचा बळंच ओढून आणलेला बाळासो आणि कुदळी घेतलेले गडी.

“आगं बया!” चंद्राबाईंनी पदर नाकाला लावला. “ह्या पान्याला असला वास कशाचा?”

“आप्पासोस्नी इचारा. त्यास्नी ठावं हाय.”

“हरणाबाई, आता खणू दे,” आप्पासो काकुळतीला आले. ते पहिल्यांदाच तिला बाई म्हणत होते.

“खणा की. पर विहीणबाई काय इचारत्यात त्ये सांगा आदी.”

आप्पासोंनी विहिणीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. “आमच्या टाकीनं… नासलं.”

“मोट्यानं. वर आमच्या धन्यापातूर जाया पायजे.”

“आमच्या टाकीनं नासलं पानी! आड चांगला हुता!”

हरणाबाईनं आडाच्या काठावर हात टेकला. मग पदर सावरून म्हणाली, “दिली जागा.”

“बाळासो, घाल कुदळ!” आप्पासो ओरडले.

बाळासो जागचा हलला नाही. गड्यांनी कुदळी हळूच खाली ठेवल्या. “आज? पंचमीला? नागाच्या दिशी भुई खणायची? आप्पासो, माजी पोरंबाळं हायत.”

“आवं व्याही,” चंद्राबाई कडाडल्या, “आजच्या दिशी जमीन उकरताय? आमच्या सुनंला काय वळण लावलंय मग?”

“मी कुटं नगं म्हंते?” हरणाबाई गोड आवाजात म्हणाली. “उद्या खणा. आजचा दिस काडा कसाबसा.”

तेवढ्यात हंबीरराव परतले. धोतर चिखलानं माखलेलं, एक वहाण कृष्णेला वाहिलेली, टमरेल रिकामं. इटलीत जे झालं नव्हतं ते सांगलीत झालं होतं. हरणाबाईनं रहाट फिरवला, घागर वर काढली, आणि त्या दिवशी ती भिंतीशी न ओतता सुभेदारांपुढे ठेवली.

“घ्या पावनं, पाय धुवा. संकोच करू नगा. पानी आप्पासोंच्याच घरचं हाय.”